ती खिचडी मी जाणूनबुजून खाल्ली होती

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. अप्पांना मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी सांगितली होती, आदल्या दिवशी पोट अगदी रिकामं ठेवायचं होतं, नेमकी त्या दिवशी एकादशी आली आणि सुनेने अप्पांना साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. का, तर उपास होता! पुढे दवाखान्यात काय झालं ते हातवारे करून सांगितलं जातं आणि सगळे पोट धरून हसतात.

ते अप्पा म्हणजे मी. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम नाशिकला, गंगापूर रोडवर मुलाच्या घरी. गोष्टीतली तपासणी खरी आहे, खिचडीही खरी आहे. सुनेचा भाग खोटा आहे. तो खोटा आहे हे दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि तिला. ती बोलली नाही, म्हणून मी लिहितो आहे. शिवाय वाचणाऱ्यांत असं कुणीतरी असेलच, ज्याला हीच तपासणी सांगितली आहे आणि जो सध्या ती टाळायला कारणं शोधतो आहे. ती सगळी कारणं मी वापरून झालो आहे.

मूळव्याधच असेल

संडासात पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी पाणी ओतलं आणि बाहेर आलो. पुढेही बरेच दिवस एवढंच करत राहिलो. मूळव्याध असेल, असं स्वतःला सांगितलं. तिखट सोडलं, ओळखीच्या वैद्याचं चूर्ण सुरू केलं. रक्त कधी दिसे, कधी दिसत नसे. ज्या दिवशी दिसलं नाही त्या दिवशी मी बरा झालो असं समजून दोन पोळ्या जास्त खात असे.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. माझा मुलगा महेश मागे लागला म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या माझ्या मुलापेक्षाही वयाने लहान, आवाज मऊ, पण प्रश्न सरळ. शौचातून रक्त जातं का? एका बाजूला महेश बसलेला, दुसऱ्या बाजूला सून स्मिता. मी हो म्हणालो. कधीपासून, असं विचारल्यावर मी छताच्या पंख्याकडे बघितलं. डॉक्टरांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या म्हणाल्या, आत बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही आणि न बघता औषध देणं ही तुमची फसवणूक होईल.

मला घाबरायला एक कारण होतं. माझा धाकटा भाऊ दिनकर. त्याचीही अशीच तपासणी झाली होती आणि पुढचं वर्ष त्याने पाहिलं नाही. आमची थोरली बहीण, आक्का, तेव्हापासून सांगत आली आहे की आत दुर्बीण घातली, रोगाला हवा लागली आणि तो पसरला. मी डिप्लोमा केलेला माणूस. दिनकर दवाखान्यात पोचला तेव्हाच उशीर झाला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रात्री डोळे मिटले की आक्काचंच खरं वाटायचं.

आणि इथे आणखी एक लाजेची गोष्ट. नोकरीतली बरीच वर्षं मी इगतपुरीकडे घाटमाथ्यावरच्या एका धरणावर काढली. अशा धरणाच्या पोटात एक अरुंद बोगदा असतो. त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. धरणातून पाणी किती झिरपतं ते पाहायला बॅटरी घेऊन तिथे उतरावं लागतं. पायऱ्या ओल्या असतात, भिंती गार असतात आणि पलीकडे सगळं धरण अंगावर टेकून उभं आहे हे सतत जाणवत राहतं. एका नव्या ज्युनिअरने एकदा आत न उतरताच मागचे आकडे पुढे लिहून दिले होते. धरण वरून नेहमी चांगलंच दिसतं, असं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तोच मी आता स्वतःच्या बाबतीत मागचे आकडे पुढे लिहीत होतो.

एकादशी

तपासणीची तारीख ठरली. महेश गाडी काढायला गेला, स्मिता औषधाच्या दुकानात. काउंटरवरची नर्स मला एकट्याला सूचना समजावत होती. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखे पातळ पदार्थ, दुपारनंतर पोट साफ करायचं औषध. मग हसून म्हणाली, "आणि काका, उपासाचं म्हणूनसुद्धा काही खायचं नाही हं. साबुदाणा नाही, भगर नाही, शेंगदाणे तर अजिबात नाहीत. आम्ही उपाशी या म्हणतो आणि लोक उपास करून येतात."

मीही हसलो. आपल्याकडे उपासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्त खाल्लं जातं, हे तिला काय मी सांगायचं. घरी येऊन सूचनांचा छापील कागद स्मिताकडे दिला आणि कॅलेंडर बघितलं. तपासणीच्या आदल्या दिवशी एकादशी होती. सुटायचा रस्ता मला तेव्हाच दिसला.

मला धीर द्यायला आक्का सिन्नरहून येऊन राहिली होती. तिची एकादशी कधी चुकत नाही. स्मिता शाळेत शिकवते. सकाळी शाळेत जायच्या आधी तिने आक्कासाठी खिचडी केली आणि झाकून ठेवली. दारात चपला घालता घालता मला म्हणाली, "अप्पा, खिचडी आक्कांची आहे. तुम्हाला शहाळं, डाळीचं वरचं पाणी आणि बिनदुधाचा चहा. औषध मी आल्यावर सुरू करू. कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो.

दुपारी आक्का झोपली. मी ओट्यापाशी उभं राहून, कढईतली उरलेली गार खिचडी चमच्याने खाल्ली. वर डब्यातले मूठभर शेंगदाणे खाल्ले. चव लागली नाही. संध्याकाळी स्मिता औषधाचे ग्लास भरून देत होती. ती दारावरची बेल वाजली म्हणून उठली, फोनवर बोलायला गेली, की ग्लास बेसिनमध्ये. अर्धं औषध असं गेलं. हे तेव्हा स्मितालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दुसरी नर्स होती. शेवटचं कधी खाल्लं, तिने विचारलं. मी चेहरा होईल तेवढा भोळा केला आणि म्हणालो, "काही नाही हो. उपासच होता काल. खिचडी खाल्ली तेवढीच."

तिने कपाळाला हात लावला. आत जाऊन आली आणि म्हणाली, आज जमणार नाही, डॉक्टर म्हणतात नवी तारीख घ्या. महेश स्मिताकडे वळला. "तू सांगितलं नव्हतंस त्यांना?"

स्मिताने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या भिंतीवरचे टोकनचे नंबर बघत होतो. तिला सगळं समजलं आहे हे मला न बघताही कळत होतं. मग ती म्हणाली, "माझ्याकडून राहिलं."

आमच्याबरोबर आलेली आक्का तिथेच सुरू झाली. "एवढी शिकलेली, दुसऱ्याच्या पोरांना शिकवती, अन् एवढं नाय कळलं? म्हातारा मानूस हाय तो. त्याला काय ठावं?" गाडीतही तेच चाललं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला त्या वेळी आनंद झाला होता. लिहिताना हात अडखळतो, पण झाला होता.

बारसं

पुढचे चार महिने मी कारणं सांगत राहिलो. ऊन फार आहे, गुडघा दुखतो, अमक्याचं लग्न होऊन जाऊ दे. स्मिताने दोनदा विचारलं, मग विचारणं थांबवलं. रक्त थांबलं नव्हतं. आणि इकडे गोष्ट गावोगाव पोचली होती. ती सांगितली जात असताना स्मिता तिथेच वाढत असायची. मी दर वेळी जीव मुठीत धरून वाट बघायचो, की आता ही बोलणार. ती भाजीचं पातेलं घेऊन पुढे जायची.

आक्काच्या पणतवाचं बारसं सिन्नरला होतं. इगतपुरीहून स्मिताच्या आई आल्या होत्या, आमच्या विहीणबाई. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर एकट्या राहतात, फार कमी बोलतात. जेवणं चालू असताना आक्काने गोष्ट काढली. बायका हसल्या. त्यातली एक जण विहीणबाईंना म्हणाली, काय हो, लेकीला एवढंही शिकवलं नाही का?

विहीणबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. पलीकडच्या पंगतीत मी होतो. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "चुकलंच तिचं. आमचंच शिकवायला कमी पडलं असेल."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या हो, चालायचंच."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्या जेवणातला एकही पदार्थ मला आठवत नाही. परत येताना महेश गाडी चालवत होता, स्मिता पुढे बसली होती, नाशिक जवळ आलं होतं. मी म्हणालो, "स्मिता, तारीख घे."

ती मागे वळली नाही. "घेते," म्हणाली.

तेव्हा ज्यांना वाटतं की अप्पांनी शेवटी हिंमत केली, त्यांनी हेही ऐकून ठेवावं. हिंमत नव्हती. त्या जोडलेल्या हातांपुढे मला माझी भीती फार हलकी वाटायला लागली, एवढंच झालं.

पोट रिकामं करणं

तपासणीपेक्षा आदला दिवस कठीण असतो, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण फार भीतीचं काही नाही. औषध लिंबू पिळलेल्या खारट पाण्यासारखं लागतं. गार करून घेतलं तर घशाखाली उतरतं. तासाभराने पोट ऐकेनासं होतं आणि मग आपण आणि संडास, मध्ये कुणी नाही. पायजम्याऐवजी लुंगी नेसावी. आतली कडी लावू नये. दुखायला लागायच्या आधीच खोबरेल तेल लावावं. शेवटी शेवटी बाहेर पडतं ते पिवळसर पाणीच. ते पाहून मला विनाकारण अभिमान वाटला होता.

त्या दिवशी आमच्या घरात फोडणी पडली नाही. वासाने मला भूक लागू नये म्हणून स्मिताने सकाळीच शेजारच्या घरी आपली पोळीभाजी करून ठेवली आणि दोघं तिकडे जाऊन जेवून आली. संडासाबाहेर प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर घडी केलेला टॉवेल होता. महेश, जो मला कधी स्पर्शही करत नाही, तो मला दर वेळी दंडाला धरून उठवत होता. या खेपेला औषधाचा एक थेंबही बेसिनमध्ये गेला नाही.

आत

टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं. भूल किती हवी, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, मला दिसेल एवढा जागा ठेवा. त्यांनी का, म्हणून विचारलं. मी धरणाच्या गॅलरीचं सांगितलं. "मग तुम्हाला बघायलाच हवं," असं म्हणून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पोटात गच्च भरल्यासारखं होतं, एकदोनदा कळ येते. ते सगळं मी विसरलो, कारण समोर जे दिसत होतं त्याची मी कधी कल्पनाही केली नव्हती.

मला वाटलं होतं आत अंधार असेल, घाण असेल, काहीतरी कुजत असेल. आत उजेड होता. अर्थात तो नळीच्या टोकाचाच, पण तो पडला होता त्या भिंती गुलाबी होत्या, ओल्या होत्या आणि इतक्या स्वच्छ की आवाज मोठा करू नये असं वाटावं. कमानीमागून कमान येत होती. एका वळणानंतर त्या त्रिकोणी झाल्या, जणू कुणी मोजून बांधल्या आहेत. भिंतीवर बारीक लाल शिरा पसरल्या होत्या. एक मोठी, तिला मिळणाऱ्या लहान, त्यांना मिळणाऱ्या आणखी लहान. पाणलोटाचे नकाशे मी जन्मभर काढले. डोंगरावरून ओहोळ, ओहोळाचा नाला, नाल्याची नदी. तोच नकाशा माझ्या आत होता आणि तो काढला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

"हे सगळं माझंच?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं असेल काका?" डॉक्टर म्हणाल्या. नर्स हसली.

नळी पार टोकाला पोचली. तिथे एक लहानशी घडी होती, ओठ मिटावेत तशी. मध्येच ती उघडली, थोडं पाणी सोडलं आणि मिटली. लहान आतडं इथे येऊन मिळतं, डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मला विचारून नाही. मी इगतपुरीच्या पावसात भिजत होतो तेव्हा, बायकोच्या अंत्यसंस्कारात उभा होतो तेव्हा, ओट्यापाशी चोरून खिचडी खात होतो तेव्हाही ते दार असंच उघडत मिटत होतं. धरणाच्या दरवाज्यांवर पाळ्या लावून माणसं ठेवावी लागतात. इथे कुणीच नव्हतं. माझे डोळे भरून आले. नर्सला वाटलं दुखतंय. मी मान हलवली.

परतीच्या वाटेवर ते दिसलं. एका कमानीच्या आड, देठावर उभं असलेलं बोंड, आजूबाजूपेक्षा लालभडक, भिजवलेल्या शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्या टोकाला रक्ताचा ओघळ होता. इतके महिने मी ज्याच्यावर पाणी ओतत होतो ते हे. मला वाटलं होतं हे बघून मी मरेन. पण ते इतकं लहान होतं, आणि इतक्या मोठ्या महालात एकटं उभं होतं.

नळीतून तारेचा एक फास बाहेर आला, देठाभोवती पडला, आवळला. बोंड गळून पडलं. थोडं रक्त आलं, तिथे डॉक्टरांनी एक बारीक चिमटा बसवला. मला काही जाणवलं नाही. आपल्या शरीरातून काहीतरी कापलं जातं आहे आणि आपण ते दुसऱ्याच्या घरातलं पाहिल्यासारखं पाहतो आहोत, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

घरी येताना सिग्नलला गाडी थांबली. गंगापूर रोडवर नेहमीची गर्दी. भाजीवाली, हेल्मेट न घातलेला एक माणूस, दप्तर घेतलेल्या दोन मुली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. या प्रत्येकाच्या आत त्या कमानी आहेत, त्या नद्या आहेत, आणि हे सगळे जण ते घेऊन कोथिंबिरीवरून घासाघीस करत आहेत. महेश म्हणाला, भूल उतरली नाही वाटतं अजून.

सांगणं

बोंडाचा अहवाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आम्ही तिघं एकमेकांशी फार नम्रपणे वागत होतो. अहवाल आला. ते बिघडायला लागलं होतं, पण बिघाड देठापर्यंत पोचला नव्हता, सगळं निघालं होतं. आता ठरावीक काळाने पुन्हा बघायचं. मी डॉक्टरांना विचारलं, चार महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, तेव्हाही हेच केलं असतं. पण आणखी दोन-तीन वर्षं टाळलं असतं, तर आज आपण वेगळं बोलत असतो.

दिनकर किती वर्षं टाळत होता, ते आम्ही कधी विचारलंच नाही. दोष दुर्बिणीला देणं सोपं गेलं.

त्या संध्याकाळी स्मिता गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन खिचडीचं बोललो, बेसिनचंही बोललो. विचारलं, तू गप्प का राहिलीस?

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, "तुमचा चेहरा बघितला मी तिथे. इतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्याला सगळ्यांसमोर काय उघडं पाडायचं?" मग एक शर्ट झटकत, "पण राग आला नव्हता असं समजू नका. त्या दिवसापासून तुमच्या चहात मी आलं घातलेलं नाही. लक्षात आलं?"

"मला वाटलं, उन्हाळा म्हणून," मी म्हणालो.

तेव्हा ती हसली. मी हसू शकलो नाही. चार महिने सगळ्यांच्या हसण्याचं ओझं घेऊन ही बाई वाढत होती, आणि तिने सूड घेतला तो आल्याचा.

महेशला मी त्याच रात्री सांगितलं. आक्काला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लय वंगाळ केलंस दत्ता." आणि लगेच, "तिला दे फोन."

एक घर राहिलं होतं. मी एसटीने इगतपुरीला गेलो, महेश सोडतो म्हणत असतानाही एकटाच. विहीणबाईंनी बसायला सांगितलं. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं, बारशातल्या माझ्या माफीसकट. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. माझं झाल्यावर मी हात जोडले. त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

"म्हणजे ती बोललीच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लहानपणीही अशीच होती," त्या म्हणाल्या. "धाकट्याने काही फोडलं की ही पुढे येऊन उभी राहायची. मी हिलाच मारायचे. मला तेव्हा कळायचं नाही." त्या उठून आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला.

चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. माझ्यासमोर कप ठेवून त्यांनी विचारलं, आत काय दिसलं हो? मी सांगितलं. कमानी, नद्या, आपोआप उघडणारं ते दार. सगळ्यांचं असंच असतं का, त्यांनी विचारलं. असंच, मी म्हणालो. त्या थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग शेजारचा मोबाईल उचलून त्यांनी लेकीला फोन लावला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "सहज केला."

आणि पुढे बोलल्या नाहीत. फोन कानाला लावून तशाच बसून राहिल्या. पलीकडून स्मिताचा आवाज येत होता, आई, काय झालं, बोल ना. त्या फक्त ऐकत होत्या.

मी कप उचलला. चहात आलं होतं.